डावीकडचा रकाना

माझ्या नणंदेला शाळेतल्या मुली ‘थांबाबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण आमची मुलगी भिंगरी त्याच शाळेत नववीला आहे आणि तेव्हा त्यांच्याच वर्गात होती, त्यामुळे ते नाव एक दिवस जेवणाच्या टेबलावर येऊन पडलं. ताईंना राग आला नाही. म्हणाल्या, “बरं झालं. निदान एक शब्द तरी पोरींच्या लक्षात राहिला.”

त्या गणित शिकवतात. सव्वीस वर्षं झाली. लग्न केलं नाही. घराची मागची खोली त्यांची, आणि तिथे कपाटापेक्षा वह्यांचे गठ्ठे उंच. बाहीला कायम खडू. चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधायचा, आणि मी “कपाळावर” म्हटलं की “मला माहीत होतं” म्हणायचं. माझ्या नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या आहेत. ह्यांना पन्नाशी उलटल्यावरही ‘बाळ्या’ म्हणतात आणि मला ‘वहिनी’.

मी रोज दुपारी भांडी आवरली की वही लिहिते. काय झालं, कोण आलं, देवापुढे बसले तेव्हा मन कुठे होतं, एवढंच. आज मात्र ताईंबद्दल सगळं सलग लिहायचं ठरवलं आहे, कारण त्यांच्याबाबतीत जे झालं त्यात माझा हात आहे.

आधी त्यांची पद्धत सांगते. गणित फळ्यावर लिहिलं की ताई म्हणतात, “थांबा. पेन खाली. हात बाकावर.” दोन मिनिटं कुणी काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. वहीच्या पानावर डाव्या बाजूला चार बोटं सोडून पेन्सिलीची उभी रेघ. उजवीकडे गणित करायचं, आणि प्रत्येक पायरीच्या आधी डावीकडच्या रकान्यात लिहायचं की मी आता काय करणार आहे आणि का. मध्येच वाट चुकली असं कळलं तर आडवी रेघ मारून पुढे जायचं, खोडायचं नाही. सगळ्या मुलींची रबरं एका बिस्किटांच्या डब्यात जमा. तो डबा आमच्याच घरात आहे, फडताळावर. हलवला की आतून भद् असा आवाज येतो.

पूर्वी ताई अशा नव्हत्या. पूर्वी त्यांच्या वर्गातल्या मुली चाळीस मिनिटांत तीस गणितं करायच्या आणि शाळेत त्याचं कौतुक चालायचं. मग सात वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वर्गात कायम पहिली येणारी, आता एका इस्पितळात परिचारिका. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मी चहा टाकला. ती सांगायला लागली. एका लहान मुलाच्या औषधाचं माप काढायचं होतं. कागदावर दोन आकडे होते. तिनं दोननं भागायच्या जागी गुणलं आणि औषध चौपट भरलं. मोठ्या सिस्टरांनी दारातच तिचा हात धरला म्हणून निभावलं. मुलाला काही झालं नाही. पण तिला घरी बसवलं होतं.

“बाई,” ती म्हणाली, “आकडे दिसले की माझा हात चालायलाच लागतो हो. डोकं मागून येतं.”

ताईंनी चहा घेतला नाही. त्यावर साय धरली, मी कप उचलला, तरी त्या स्टुलाकडेच बघत होत्या. ती मुलगी केव्हाच गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात पहिली उभी रेघ मारून घेतली.

आम्हीही त्यातून सुटलो नाही. एकदा जेवताना ताईंनी विचारलं, “दहा मीटर दोरी आहे. एकेक मीटरचे तुकडे करायचे. एका कापाला दोन मिनिटं. किती वेळ लागेल?”

“वीस मिनिटं,” हे घास तोंडात असतानाच म्हणाले.

“वीस,” भिंगरी म्हणाली. ती तर प्रश्न संपायच्या आधीच म्हणाली. तिला भिंगरी म्हणतात ते काही उगीच नाही.

“बाळ्या, तुझं हार्डवेअरचं दुकान आहे ना? दोरी विकतोस ना?”

“रोज विकतो.”

“दहावा तुकडा कशासाठी कापतोस मग? तो तर हातातच उरतो.”

हे हातातल्या चमच्याकडे बघत राहिले. नऊ काप, अठरा मिनिटं. मग म्हणाले, “ताई, गिऱ्हाईक एवढा विचार करायला लागलं तर दुकान बंद करावं लागेल मला.” आम्ही सगळे हसलो. ताईसुद्धा हसल्या.

माझ्यावरही त्यांची नजर असायची. मी सकाळची प्रार्थना म्हणते तेव्हा शेगडीवर दूध असतं. मी एका डोळ्यानं दुधावर लक्ष ठेवते, ओठ आपले चालूच. ताई डबा भरता भरता म्हणाल्या, “वहिनी, तुझा देव काही बहिरा नाही. पण कंटाळत असेल हो बिचारा.” मला लागलं. मी वहीत लिहिलं, ‘ताईंना श्रद्धा नाही, त्यांना काय कळणार.’ ते वाक्य आता वाचवत नाही.

यंदा वर्ष सुरू झालं आणि कुरबुर वाढली. शेजारच्या तुकडीचे सहा धडे झाले तेव्हा ताईंचे तीन. पालकांच्या चिठ्ठ्या मुख्याध्यापिकांकडे जायला लागल्या. मुख्याध्यापिका फार हळू आवाजात बोलतात, आणि ताईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या जितक्या हळू बोलतील तितकं आपण घाबरायचं. एक दिवस त्यांनी ताईंना बोलावून घेतलं.

संध्याकाळी ताईंनी टेबलावर सगळं एका दमात सांगितलं. सहामाहीच्या आधी तपासनीस येणार. ते वर्गाला एकच गणित घालणार, पुस्तकात नसलेलं. मुली खरंच स्वतः विचार करतात असं त्यांना दिसलं, तर नववी-दहावी पुढची दोन वर्षं ताईंकडे आणि पद्धतही ताईंची. दिसलं नाही, तर वर्ग काढून घेणार. मग ताईंनी साहित्यखोली सांभाळायची आणि पाचवीच्या लहान मुलींकडून पाढे म्हणून घ्यायचे.

“पाढे!” हे म्हणाले. “ताई, तू आणि पाढे?”

“पाढ्यांना का नको म्हणू?” ताई म्हणाल्या. “पण दहावीच्या मुली पुढे कुठे जातात, बाळ्या? कुणी इस्पितळात, कुणी औषधांच्या दुकानात, कुणी पूल बांधायला. मला त्या हव्यात. अजून दोन वर्षं तरी.” आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं. अर्धा भात तसाच होता.

त्याच आठवड्यात भिंगरी रडली.

गणितं तिला येतात. डावीकडचा रकाना येत नाही. त्या दुपारी ती शाळेतून आली आणि टेबलावर वही आपटली. पहिल्या गणिताच्या उजवीकडे उत्तर बरोबर, डावीकडे कोरं. ताईंनी तिथे लाल पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं, ‘का?’

“मला उत्तर येतं ना? मग का कशाला?” ती हुंदके देत होती. “आत्या घरी पण तेच, शाळेत पण तेच. बाकीच्यांना वाटतं मला घरी सगळं सांगतात, आणि मलाच सगळ्यात कमी येतं!”

मी तिच्याजवळ बसले. गणित माझं सातवीत सुटलं, पण वाक्य मला सुचतं. रोज लिहिण्यानं हाताला तेवढं वळण पडलं आहे. मी विचारलं, “काय केलंस तू इथे?” ती म्हणाली, “क्ष मानला.” मी म्हटलं, “मग असं लिही,” आणि सांगितलं:

‘दिलेली माहिती नीट वाचून, जे ठाऊक नाही त्यास क्ष मानून यथामती समीकरण मांडते, कारण समीकरणाने गोंधळ टळतो.’

तिनं लिहून घेतलं. रडं थांबलं. एखाद्या यंत्राची कळ दाबावी तसं थांबलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आई, आकृतीच्या गणितासाठी पण एक दे ना.” मी दिलं. मग टक्केवारीसाठी दिलं. असं करत सहा झाली. मी ती माझ्या वहीत आधी कच्ची लिहायचे, एखादा शब्द बदलायचे, मग तिला सांगायचे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझी दुपार केव्हा सरायची ते कळायचं नाही.

दोन आठवड्यांनी ताई वह्यांचा गठ्ठा घेऊन टेबलाशी बसल्या. चेहरा उजळलेला.

“बाळ्या, ऐक. वहिनी, तूही ऐक.” आणि त्यांनी वाचलं, “‘आकृती काढल्यावाचून डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रथम आकृती काढते.’ काय सुंदर लिहिलंय! आणि एकीनं नाही, तिघींनी लिहिलंय जवळजवळ असंच. लागली, पोरींना सवय लागली!”

भिंगरीनं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी मिठाचं भांडं उचलून पुन्हा तिथेच ठेवलं.

“चांगलं लिहिलंय,” मी म्हटलं.

“चांगलं? अगं, सव्वीस वर्षांत असं वाक्य नाही आलं माझ्या वर्गातून.”

त्यानंतर रोज जेवताना एखादं वाक्य त्या वाचायच्याच. माझी सहा, थोडी इकडची तिकडे केलेली. एकदा त्या थबकल्या. “वहिनी, हा यथामती शब्द कुठून आला गं पोरींना? चौघींच्या वहीत आहे.”

तो शब्द माझ्या सकाळच्या प्रार्थनेतला आहे. शेवटच्या ओळीत येतो. आजीनं शिकवलेली प्रार्थना.

“भाषेच्या बाईंनी शिकवला असेल,” मी म्हटलं.

“असेल,” ताई म्हणाल्या आणि पान उलटलं.

पुढच्या आठवड्यात भिंगरीच्या दप्तरात मला तिच्या वहीचं शेवटचं पान दिसलं. वर लिहिलं होतं, ‘आईची सहा वाक्यं’. खाली एक ते सहा, प्रत्येकापुढे कंसात ‘समीकरण’, ‘आकृती’, ‘टक्के’. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “सगळ्याजणी वापरतात आई. तू फेमस आहेस.” आणि डोळे बारीक करून हसली. तेव्हा सांगायला हवं होतं. ताई मागच्या खोलीतच होत्या, त्यांच्या सपाता वाजत होत्या. बारा पावलं असतील मधे. मी ठरवलं, तपासनीस येऊन जाऊ दे, मग सांगू. आणि रोज देवापुढे बसून मागायला लागले की सगळं नीट पार पडू दे. दूधही उतू गेलं दोनदा.

तपासनीस आले तो दिवस गुरुवार. ताईंनी त्या सकाळी बाहीवरचा खडू ओल्या फडक्यानं पुसला. मी दारात त्यांना म्हटलं, “देव पाठीशी आहे, ताई.” त्या म्हणाल्या, “मुली पुढे असल्या म्हणजे झालं.”

तपासनिसांनी फळ्यावर लिहिलेलं गणित असं होतं: तेवीस खेळाडू आहेत. सामना हरली ती बाहेर. एकच विजेती उरेपर्यंत एकूण किती सामने होतील? ताई मागे उभ्या राहून “थांबा” म्हणाल्या. अडतीस पेनं खाली गेली. दोन मिनिटं वर्गात पंख्याचाच काय तो आवाज. मग पेनं उचलली गेली, आणि ताईंना, त्यांनीच नंतर सांगितलं, एक गोष्ट खटकली. सगळ्यांची पहिली ओळ एकाच वेळी संपली.

त्या चार वाजता घरी आल्या, पण घरात आल्या नाहीत. पुढच्या पायऱ्यांवर बसल्या. मांडीवर उत्तरपत्रिका. मी पाणी नेलं. त्यांनी घेतलं नाही.

“एकतीस,” त्या म्हणाल्या.

“काय एकतीस?”

“अडतीसमधल्या एकतीसजणींनी एकच वाक्य लिहिलंय. क्ष मानून समीकरण मांडते. यथामती. कारण समीकरणाने गोंधळ टळतो.” त्यांनी वरचा कागद माझ्यासमोर धरला. यथामतीखाली तपासनिसांनी तीन रेघा मारल्या होत्या. “यात समीकरण कुठून मांडणार, वहिनी? मांडताच येत नाही. वाक्य लिहिलं आणि सगळ्या बसून राहिल्या. खाली कोरं. काहींनी तेवीसला दोननं भागलं, साडेअकरा सामने! अर्धा सामना कुठे खेळतात, विचार तरी.”

मी पाण्याचा पेला पायरीवर ठेवला.

“ते म्हणाले, बाई, पूर्वी तुम्ही गणितं पाठ करून घ्यायचात, आता कारणं पाठ करून घेता. एवढाच काय तो फरक.” ताईंनी चष्मा काढला. “आणि त्यांचं खरं आहे. मी सात वर्षं त्यांना थांबायला शिकवते आहे असं समजत होते. त्या थांबत होत्या, पण आठवायला. माझंच कुठेतरी चुकलं. कुठे, ते शोधते आहे.”

त्या खरंच शोधत होत्या. कागद एकेक करून बघत होत्या, स्वतःच्या शिकवण्यात चूक कुठे ते. मला ते बघवेना.

“ताई, ते वाक्य माझं आहे.”

त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. भिंगरीचं रडणं, सहा वाक्यं, शेवटचं पान, आणि भाषेच्या बाईंचं नाव घेतलं ते खोटं होतं हेही. बोलताना माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. त्या कागदांच्या कडा जुळवत होत्या. जुळल्यावरही जुळवत राहिल्या.

“मी रोज टेबलावर वाचत होते,” त्या शेवटी म्हणाल्या. “तू समोर बसून ऐकत होतीस.”

“हो.”

त्या उठल्या, आत गेल्या. मागच्या खोलीचं दार लागलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. अलगद लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता शाळेत गेले. मुख्याध्यापिकांच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक, टेबलावर काचेखाली जुने फोटो. मी म्हटलं, “दोष बाईंचा नाही, माझा आहे. वाक्यं मी लिहून दिली.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग फार हळू आवाजात विचारलं, “म्हणजे बाईंच्या घरातूनच उत्तरं वाटली गेली?”

“उत्तरं नाही. कारणं.”

“त्यांच्या घरातून.”

“त्यांना माहीत नव्हतं हो.”

“माझा विश्वास आहे,” त्या म्हणाल्या, “पण पालकांना हे कोण सांगणार? तुम्ही आला नसतात तर निदान पद्धत फसली एवढंच म्हणता आलं असतं.”

मी परत येताना वाटेत दोनदा थांबले. ज्या माणसाला सावरायला गेले त्यालाच आणखी ढकलून आले होते. इथेही माझा हात आधी चालला होता.

सोमवारी निर्णय झाला. नववी शेजारच्या तुकडीच्या बाईंकडे. ताईंकडे साहित्यखोलीच्या किल्ल्या आणि पाचवी. बिस्किटांचा डबा ताईंनी फडताळावरून काढून भिंगरीकडे दिला. “ज्याची त्याची रबरं देऊन टाक,” एवढंच म्हणाल्या. भिंगरीनं डबा नेला आणि तसाच परत आणला. म्हणाली, कुणाचं कुठलं ते आता कुणालाच ओळखू येत नाही, सगळ्यांनी नवी घेतलीत. तो पुन्हा फडताळावर गेला.

अकरा दिवस ताई माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे “मीठ दे”, “गॅस संपलाय” एवढं बोलायच्या. ह्यांनी दोघींच्या मध्ये पडून पाहिलं. “ताई, झालं ते झालं. तिनं मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दाम केलं असतं तर कारण तरी असतं, बाळ्या,” ताई म्हणाल्या.

त्या अकरा दिवसांत मी प्रार्थनेला बसायची ती दूध शेगडीवरून उतरवून. पहिल्या दिवशी हात मांडीवर ठेवले आणि स्वतःला विचारलं, कशाला बसले आहे मी? उत्तर येईना. प्रार्थनेचा पहिला शब्दही उच्चारवेना. तशीच उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. चाळीस वर्षांची तोंडपाठ प्रार्थना, आणि ओठ हलत नव्हते. देव रागावला असं वाटलं नाही. तो वाट बघतो आहे असं वाटलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

भिंगरीचं नव्या बाईंकडे बरं चाललं आहे. परवा एका तासात अठरा गणितं केली म्हणून सांगत आली. सांगून झाल्यावर मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

आज, बाराव्या दिवशी, शाळेला सुट्टी होती. मी भांडी आवरून वही उघडली तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. हातात एक उत्तरपत्रिका होती.

“ही वाच.”

अक्षर वेडंवाकडं. डावीकडच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मला काय करायचं कळत नाही. तेवीस खूप आहेत. आधी तीनजणी घेऊन बघते.’ मग तिघींची आकृती, दोन सामने. मग चौघी, तीन सामने. मग पाचजणी, आणि तिथे एक वाट चुकलेली, त्यावर आडवी रेघ, पुन्हा नव्यानं. शेवटी डावीकडे, ‘आता कळलं. दर सामन्यात एक घरी जाते. बावीसजणींना घरी पाठवायचं आहे.’ उजवीकडे फक्त बावीस.

“ही कोण?”

“मागच्या बाकावर एकटी बसते. तिच्याशी कुणी बोलत नाही. म्हणून तिला तुझी वाक्यं मिळाली नाहीत.” ताईंनी कागद परत घेतला, घडी न घालता. “उरलेल्या सातजणींपैकी सहाजणींचं काही जमलं नाही. हिचं जमलं. पुढच्या आठवड्यात हीसुद्धा क्ष मानायला लागेल.”

मी समोरची वही मिटली.

“वहीत लिहिलंस का तू हे सगळं?”

“लिहिलं. तारखेनिशी.”

“का केलंस ते लिहिलंस?”

मी पानं उलटली. काय केलं ते होतं. कधी केलं ते होतं. देवाची क्षमा मागितली होती, दोनदा. का केलं ते कुठेच नव्हतं.

ताईंनी खिशातून पेन्सिल काढली, माझी वही स्वतःकडे वळवली आणि कोऱ्या पानावर डाव्या बाजूला चार बोटं सोडून एक उभी रेघ मारली. पट्टी न लावता, सरळ. “भर,” म्हणाल्या. आणि उठून गेल्या नाहीत. समोरच बसल्या, हात टेबलावर.

मी लिहिलं, ‘मुलीचं रडणं बघवलं नाही म्हणून.’ मग आठवलं की तिचं रडणं पहिल्याच वाक्यानंतर थांबलं होतं, आणि मी पुढे आणखी पाच लिहिली. आडवी रेघ मारली.

मी लिहिलं, ‘ताईंचा वर्ग राहावा, त्यांना मदत व्हावी म्हणून.’ ही तर निव्वळ थाप होती. रेघ.

मी लिहिलं, ‘यात एवढं वाईट काही आहे हे कळलं नाही.’ मग भाषेच्या बाईंचं नाव का घेतलं? रेघ.

नंतर बराच वेळ काही सुचलं नाही. ताई घड्याळाकडे बघत नव्हत्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी लिहिलं:

‘ताई रोज टेबलावर माझी वाक्यं मोठ्यानं वाचत होत्या. या घरात येऊन मला एकोणीस वर्षं झाली, रोज लिहिते, पण माझं लिहिलेलं कुणी कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. ते थांबू नये असं मला वाटलं.’

वही त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चष्मा शोधला. मी “कपाळावर” म्हटलं नाही, त्यांनाच सापडू दिला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. रेघा मारलेल्या तीन ओळीही वाचल्या.

“हे पहिल्याच ओळीत का नाही लिहिलंस?”

“सापडायला वेळ लागला.”

“लागतो,” त्या म्हणाल्या. आवाजात माया नव्हती, पण बारा दिवसांत माझ्या बाजूनं बोललेला तो पहिला शब्द होता. वही त्यांनी माझ्याकडे सरकवली. “आता हे पान भिंगरीला दाखव.”

“ताई, नको. ती लहान आहे.”

“नववीत आहे. उद्या ती कुठे जाईल, तिच्या हातात काय असेल, तुला माहीत आहे? तिला वाटतं तिच्या आईला सगळं आधीपासून येतं, फक्त तिलाच येत नाही. तिला या रेघा बघू देत.”

“ती काय म्हणेल मला?”

“मला नाही माहीत,” ताई म्हणाल्या, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठल्या. साहित्यखोलीतले कंपास मोजायचे राहिलेत, म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी. दारातून जाताना एकदा मागे वळल्या. टेबलावरच्या वहीकडे बघितलं आणि गेल्या.

भिंगरी मैत्रिणीकडे गेली आहे, सव्वापाचला येईल. आता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. पान फाडावं असं दोनदा मनात आलं. फाडलेलं नाही. वही टेबलावर तिच्या जागेसमोर त्याच पानावर उघडी ठेवायची आहे, पेन खाली ठेवते आहे.